किती कडू

डॉक्टरांना चव नव्हती. लहानपणी आंब्याच्या झाडावरून डोक्यावर पडले, तेव्हापासून जिभेवर काय ठेवलं ते त्यांना कळत नसे. वासही येत नसे. आणि हा माणूस दुधी भोपळा कडू का होतो, यावर संशोधन करत होता.

ते औषध देणारे डॉक्टर नव्हते. पिकांचे डॉक्टर होते. मखमलाबादच्या पुढे एका संस्थेचं शेत होतं, तिथे त्यांची प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. मी शेतावर निंदणीला होते. आधीचा सिंहस्थ होऊन दोन वर्षं झाली असतील तेव्हा ते आले, त्याआधी पाच वर्षं दुसरीकडे हेच काम करून. उंच, पोक काढून चालणारे, खिशात नेहमी लाल पेन्सिल. पहिल्या दिवशी आम्ही अकरा बाया वाफ्यात होतो. कुणीतरी म्हणालं, आज ऊन लय हाय. डॉक्टर जाता जाता थांबले आणि म्हणाले, "किती?"

आम्हाला वाटलं थट्टा करतात. ते खरंच उत्तराची वाट बघत उभे होते.

हा शब्द त्यांच्या तोंडचा कधी सुटला नाही. भोपळा चांगला आला म्हटलं तर किती चांगला. पाणी कमी पडलं म्हटलं तर किती कमी. वॉचमनची आई गेली तेव्हा तो रडत होता, लय सोसलं तिने म्हणत होता, तर हे त्याच्या शेजारी बसून विचारतात, "किती दिवस?" वॉचमन सहा महिने त्यांच्याशी बोलला नाही. डॉक्टरांच्या ते ध्यानातही आलं नाही.

त्यांची बायको पुण्याला माहेरी निघून गेली होती. त्यांनीच एकदा सांगितलं, कारण मी विचारलं. ती म्हणे, ज्याला चवच नाही त्याच्यासाठी रोज काय रांधायचं. डॉक्टरांना यात तिची चूक वाटत नव्हती. पंचवटीत एका खोलीत राहायचे आणि खानावळीचा डबा आणायचे.

सगुणा नावाची एक बाई आमच्यात होती, तिला खोड्या फार. तिने एकदा त्यांच्या चहात साखरेच्या जागी मीठ घातलं. डॉक्टर सगळा चहा प्यायले आणि कप धुवायला ठेवला. आम्ही दाराआड हसत होतो. मला ते बघवेना, म्हणून मी आत जाऊन सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "किती चमचे होतं?" सगुणा म्हणाली तीन. त्यांनी ते वहीत लिहिलं. नंतर सगुणाने त्यांची खोडी काढली नाही. हसणाऱ्याची खोडी काढता येते, रागावणाऱ्याचीही काढता येते. लिहून ठेवणाऱ्याची काढता येत नाही.

भोपळ्याचं त्यांनी मला असं समजावलं होतं. वेलात कडू रस असतोच. फळात एक एन्झाइम असतं, ते कात्रीसारखं त्या रसाचे तुकडे करतं, म्हणून फळ गोडं लागतं. वेलाला पाणी कमी पडलं, ऊन तापलं की कात्री बोथट होते आणि फळ कडू होतं. ते नुसतं कडू नसतं, विषारी असतं. गावात असं फळ कुणी खात नाही, जिभेला लागलं की फेकून देतात. डॉक्टरांना या कात्रीला धार लावायची होती. त्यासाठी त्यांनी एक आंबवलेलं पाणी तयार केलं होतं, पेजेसारखं, आंबूस वासाचं. ते वेलाच्या मुळाशी घालायचं. मग पाणी तोडायचं आणि फळ कडू होतं का ते बघायचं.

बघायचं म्हणजे चाखायचं. पुण्याला एका कॉलेजात मशीन होतं म्हणे, पण तिथे नमुना पाठवला की उत्तर यायला तीन-चार महिने. तेव्हा त्यांना जीभ हवी होती.

त्यांनी आम्हा अकराजणींना रांगेत बसवलं. प्रत्येकीसमोर पाण्याचे सहा पेले. त्यात कडुनिंबाच्या पाल्याचा काढा, एकात थेंबभर, दुसऱ्यात त्याहून जास्त, असा चढत्या मापाने. पण पेले सरमिसळ ठेवलेले. शून्य ते पाच बोटं दाखवायची. ज्या पेल्यात एकच थेंब होता तो फक्त मला कळला. त्यांनी पुन्हा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. तिन्ही वेळा मला कळला. मग ते माझ्याकडे असं बघायला लागले जसं कुणी विहिरीला पाणी लागल्यावर बघतं. मला लाज वाटली. माझ्याकडे तसं कधी कुणी बघितलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही.

आम्ही चौघी निवडल्या गेलो. निंदणी सुटली, सावलीतलं काम मिळालं. पण अटी होत्या. सकाळी चहा नाही, तिखट नाही, आणि मिश्री तर कधीच नाही; ती पेल्यांच्या पंधरा दिवस आधीच सगळ्यांना सोडायला लावली होती.

आमच्याकडच्या बायांना मिश्री म्हणजे काय ते सांगायला नको. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना घासायची. मी पंधराव्या वर्षापासून लावत होते. सोडली तेव्हा आठ दिवस डोकं फुटत होतं. पण सोडली.

चाखायची रीत ठरलेली होती. देठाकडचा नखाएवढा तुकडा, साल काढलेला. जिभेवर ठेवायचा, पाच मोजायचे, डब्यात थुंकायचं, कोमट पाण्याने चूळ भरायची, सुक्या भाकरीचा तुकडा चघळायचा, मग दुसरा. ताटलीवर नुसता नंबर, तो कशाचा ते डॉक्टरांनाच ठाऊक. कोणतं फळ औषधाच्या वाफ्यातलं आणि कोणतं साध्या, ते आम्हाला कळू नये म्हणून जुन्या साडीचा पडदा लावून पलीकडे तुकडे करायचे. मी बोटं दाखवायची, डॉक्टर समोर बसून लिहायचे.

हळूहळू बाकी तिघींना त्यांनी काढलं. त्यांचे आकडे हलायचे, आज एक तर उद्या तीन. माझा हलत नसे. मी एकटी उरले. संस्थेच्या साहेबांनी विचारलं की एका बाईच्या जिभेवर एवढं कसं चालेल, तेव्हा डॉक्टर म्हणाले, वजनकाटा एकच असतो. हे मला वॉचमनने सांगितलं.

एकदा खानावळीची आंबलेली डाळ खाऊन डॉक्टर चार दिवस आजारी पडले. त्यांना कळलंच नव्हतं. तेव्हापासून रोज दुपारी एक वाजता ते डबा माझ्यापुढे उघडायचे आणि म्हणायचे, "बघा." मी बोटाने चाखायचे. बरा हाय म्हटलं की जेवायचे. नाय म्हटलं की तसाच बंद करून गाईला घालायचे आणि माझ्या भाकरीतली अर्धी घ्यायचे. हे सात-आठ वर्षं चाललं. माझ्या नवऱ्याने मी केलेलं जेवण एवढ्या विश्वासाने कधी खाल्लं नाही. यात दुसरं काही शोधू नका. त्यांना जीभ हवी होती आणि मला सावली.

आता जे सांगायचं ते.

दुसरा सिंहस्थ जवळ आला होता, त्याच्या आधीच्या वर्षाची दिवाळी. भाऊबीजेला मी हरसूलला भावाकडे गेले. दाढ ठणकत होती, गाल सुजला होता. भावजयीने मिश्रीची डबी पुढे केली, म्हणाली, "वन्सं, दाबून धरा जरा, लगेच थांबल." मी दाबून धरली. थांबलं. येताना मी डबी घेऊन आले.

दाढ पुढे बरी झाली, डबी राहिली. पहाटे एकदा, दुपारी एकदा, संडासाच्या मागे. तोंड खळखळून धुवायचे. डॉक्टरांना वास येत नव्हता, तेव्हा पकडणार कोण.

पण जीभ गेली. एकदम नाही. आधी तो थेंबवाला पेला गेला, मग त्याच्या पुढचा. फार कडू असेल तर कळायचं, जरासं असेल तर नाही. वर मिश्री स्वतःच कडवट, तेव्हा जिभेवर कायमच काहीतरी असायचं. मी ते वजा करायला शिकले. हे मिश्रीचं, हे भोपळ्याचं नाही, असं मनाशी म्हणायचं आणि बोटं दाखवायची.

आणि जिथे कळत नव्हतं तिथे मी डॉक्टरांकडे बघायचे. त्यांनी नंबर झाकला, फळ झाकलं, पडदा लावला. स्वतःचं तोंड झाकायचं मात्र राहिलं. औषधाच्या वाफ्यातला तुकडा आला की ते पुढे झुकायचे, पेन्सिल कागदाला लागलेली असायची. मी मूठ दाखवली, म्हणजे शून्य, की हात लगेच चालायचा. साध्या वाफ्यातलं असलं की मागे टेकून बसायचे. मी त्यांच्या पेन्सिलीवरून चव सांगत होते.

त्या हिवाळ्यात त्यांनी औषधाच्या आणि साध्या, दोन्ही वाफ्यांचं पाणी निम्म्यावर आणलं. माझे आकडे शून्य, शून्य, एक, शून्य. साध्या वाफ्याचे तीन, चार, तीन. डॉक्टर त्या आकड्यांकडे बघत बसायचे. एक दिवस मला म्हणाले, "बाई, चौदा वर्षं लागली." पहिल्यांदाच त्यांनी आकडा आपणहून सांगितला, कुणी न विचारता.

मला बोलायला हवं होतं. बोलले असते तर परत उन्हात खुरपं घेऊन बसावं लागलं असतं. वय पन्नाशीच्या पुढे गेलं होतं, गुडघे वाकत नव्हते. एवढंच कारण. मोठं काही नव्हतं.

वैशाखात संस्थेने शेतकरी मेळावा ठेवला. मांडव, खुर्च्या, दिंडोरीकडचे, वणीकडचे शेतकरी. विहीर तळाला गेली होती आणि वेलांना आठ दिवस जवळपास पाणी नव्हतं. डॉक्टरांना तेच दाखवायचं होतं. एवढ्या उन्हात, एवढ्या तहानेच्या वेलाचं फळ, आणि कडू नाही. ते फळ किसून, पिळून, सगळ्यांसमोर रस प्यायचा त्यांचा बेत होता.

सकाळी सात फळं तोडली. मी सातही चाखली. गर्दी बघून भीती वाटत होती, म्हणून त्या दिवशी सकाळीच मिश्री दोनदा लावली होती. पाचव्या फळाला घशाशी काहीतरी लागलं. मी थांबले. डॉक्टर पेन्सिल टेकवून उभे होते. बाहेर साहेब माइकवर बोलायला लागले होते.

मिश्रीचंच असेल, म्हटलं. मूठ दाखवली.

रस काचेच्या जगमध्ये गाळला. डॉक्टरांनी आधी स्वतःचा मोठा पेला भरला, मग पुढच्या रांगेतल्या चार-पाच जणांना लहान पेले दिले. त्यांना भाषण येत नव्हतं. एवढंच म्हणाले की आठ दिवस पाणी नाही, आता बघा, आणि उभ्या उभ्या सगळा पेला रिकामा केला. एका दमात. तोंड वाकडं नाही, काही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रांगेत दिंडोरीकडचे एक म्हातारे बाबा होते. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि तिथेच मातीत थुंकले.

"डॉक्टर, हे कडू हाय. कुणी पिऊ नका रे."

बाकीचेही थुंकत होते. डॉक्टर रिकामा पेला हातात धरून उभे होते.

"किती?" त्यांनी विचारलं.

"किती काय इचारता? जहर हाय. तुम्ही घोटलं का काय ते?"

तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मांडवाच्या खांबाशी उभी होते. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. ते वाट बघत होते. सात-आठ वर्षं डबा उघडून बघायचे तसे. मी मान खाली घातली. एवढ्यावरून त्यांना कळलं.

अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताच्या. संस्थेच्या जीपमधून त्यांना दवाखान्यात नेलं. जीपमध्ये साहेब चिडून विचारत होते की चाखलं कोणी. वॉचमन सोबत होता, त्याने मला नंतर सांगितलं, डॉक्टर म्हणाले, चाखायची पद्धत माझी होती. माझं नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेला मी गेले. लिंबं नेली होती, ती तशीच पिशवीत राहिली. डॉक्टरांचा रंग राखेसारखा झाला होता, हाताला सलाईन. उशाशी वही आणि लाल पेन्सिल. वॉचमनकडून त्यांनी ती मागवून घेतली होती. मी उभ्यानेच सांगितलं की मी मिश्री लावत होते.

त्यांनी डोळे मिटले. मग उघडले. शिवी देतील, निघून जा म्हणतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी एकच विचारलं.

"कधीपासून?"

मला कळलं ते का विचारतात. त्या दिवसाच्या पुढचं सगळं खोटं आणि मागचं खरं. त्यांना रेघ कुठे मारायची ते हवं होतं. मी वहीकडे बघितलं. हिवाळ्याची पानं त्या वहीत होती.

"होळीपासून," मी म्हटलं.

त्यांनी श्वास सोडला. म्हणाले, "म्हणजे हिवाळ्याचा वाफा टिकला."

मी वही धरली, पानं उलटली. त्यांनी होळीच्या पुढच्या प्रत्येक पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल रेघ मारायला घेतली. चार-पाच पानांत हात गळाला. मग पेन्सिल माझ्याकडे दिली. मी रेघा मारल्या आणि ते बघत होते. एक पान चिकटून सुटलं होतं, ते त्यांनी बोटाने दाखवलं. खोडलेली पानं बावीस झाली. त्यांनी मोजायला लावली. नर्स येऊन ओरडली की पेशंटला त्रास देऊ नका, तेव्हा ते म्हणाले, त्या त्रास देत नाहीत, काम करतात.

मी निघाले तेव्हा दवाखान्याचं जेवण आलं होतं, मऊ भात. त्यांनी ताटावरचं झाकण काढलं आणि माझ्याकडे सरकवलं. सवयीने. मी बोट लावलं. मला काही कळत नव्हतं. "बरं हाय," मी म्हटलं. त्यांनी दोन घास खाल्ले.

तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. संस्थेने हृदयविकार म्हणून सांगितलं. पुण्याहून बायको आली, शांत होती. तिने मला विचारलं की जेवत होते का नीट. मी हो म्हटलं.

मी ते काम सोडलं. मिश्री सोडली नाही.

दोन-तीन वर्षांनी दिंडोरीला खताच्या दुकानात भाच्यासोबत गेले होते. तिथे निळ्या डब्यात डॉक्टरांचं आंबवलेलं पाणी विकायला होतं. सोबत छापील कागद. मी चौथीपर्यंत शिकले आहे, आकडे वाचता येतात. कागदावर चौकोनात लिहिलं होतं, शून्य, शून्य, एक, शून्य. आणि शेजारी तीन, चार, तीन. ते मी ओळखले. कुणी स्वतःचं लेकरू ओळखतं तसे. खाली लिहिलं होतं की याच्या वापराने फळ कडू होत नाही.

मी साहेबांकडे गेले. त्यांना खरं सांगितलं, होळी नाही, दिवाळी. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "मावशी, डॉक्टरांनी स्वतः जे खोडलं ते आम्ही सोडलं. जे ठेवलं ते ठेवलं. त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?" मी उठून आले.

पुढे शहरात सकाळी फिरायला जाणारी माणसं दुधीचा रस प्यायला लागली. तब्येतीला चांगला म्हणून. शेतातला माणूस कडू लागलं की थुंकतो, त्याची मला काळजी नाही. औषध आहे, कडूच असणार, असं म्हणून नाक दाबून पिणाऱ्याची आहे. आणि डब्यावरचं वाचून, आपलं फळ कडू होणारच नाही म्हणून न चाखता बाजारात पाठवणाऱ्याची.

दवाखान्यात मी खोटं बोलले ते त्यांना बरं वाटावं म्हणून, असं सगुणा म्हणते. तसं नाही. त्या पलंगाशी उभं राहून चौदा वर्षं खोडायची माझी हिंमत झाली नाही. त्यांना समाधान मिळालं ते माझ्या भित्रेपणातून मिळालं. आणि मेलेल्या माणसाच्या नावावर मी खोटे आकडे ठेवले, ज्याने आयुष्यात एक आकडा खोटा लिहिला नाही. मिठाचे तीन चमचेसुद्धा लिहिले.

तो डबा आता मिळतो की नाही मला माहीत नाही. ती वही कुठे असेल तेही माहीत नाही. कुणाकडे असली तर हे वाचा. दवाखान्यात पानं उलटताना हिवाळ्याची पानं माझ्या डाव्या हाताखाली होती. वही संस्थेच्या कपाटात परत ठेवायला डॉक्टरांनी मलाच सांगितलं, तेव्हा मी ती पानं मोजली. भाऊबीजेपासून होळीपर्यंत एकेचाळीस. ती खोडा.